माटोळीचं सामान बाजारातून आणलं तर चालतं का?

सावईची_लेक | ४ ऑगस्ट, रात्री १०:४७

मंडळी, प्रश्न शीर्षकातच आहे, पण तो तेवढाच नाही. म्हणून जरा पाल्हाळ लावते.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात आहे. गाव फोंडा तालुक्यात. चवथीला दरवर्षी येते, पण कशी? तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, रात्री उशिरा बसमधून उतरायचं, दुसऱ्या दिवशी आयत्या नेवऱ्या खायच्या, दीड दिवसाचा गणपती पोचवला की तिसऱ्या दिवशी परत. त्यामुळे जन्मभर मी माटोळी बांधलेलीच पाहिली, बांधताना नाही. (गोव्याबाहेरच्यांसाठी: गणपतीच्या डोक्यावर आढ्याला टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, शेंगा, वेली, शिवाय सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, तोरिंगं, आंबाडे असं सगळं बांधायचं. थर्माकोलची मखरं वगैरे नंतरची थेरं.)

आमच्याकडे माटोळीचं सामान बाबा आणायचे. तयेच्या आदल्या दिवशी पहाटे कोयता आणि पोतं घेऊन एकटे निघायचे आणि दुपारी गुडघ्यापर्यंत चिखलात माखून परत यायचे. पोतं ओसरीवर ओतलं की आम्ही मुलं भोवती. कुणी बाजाराचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य यायचं: "विकत हाडिल्ली माटोळी? ती माटोळी न्हय, ती भाजी."

मार्चमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. आता चालतात, बोलतात, पण उजव्या हातात पेला राहत नाही. मी घरून काम करायची परवानगी काढून इथे आले आहे. भाऊ दुबईला. तो म्हणतो, "ताई, फोंड्याच्या बाजारात हजारभर रुपये टाक, सगळं बांधून देतात. मला फक्त फोटो पाठव."

काल बाबांनी विचारलं, "कांगलां वळखतां मगे?" मी हो म्हणाले. ओळखत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी मी बापाशी खोटं बोलले, तेही एका वेलीवरून. रात्री झोप लागली नाही.

तर बाजारातलं आणलं तर चालतं का? आणि तुमच्या घरी हे कुणाला येतं, त्यांच्याकडून तुम्ही कसं शिकलात, की शिकलातच नाही?

डिचोलीकर | ४ ऑगस्ट, रात्री १०:५३

चालतं. पुढचा प्रश्न.

मापशेंकार | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

चालतं काय, धावतं! चवथीआधीच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात या. पाय ठेवायला जागा नसते. अर्धं बार्देश तिथूनच माटोळी नेतं आणि गणपती कुणावर रागावल्याचं ऐकिवात नाही. रानात गेलंच पाहिजे असं कुठल्या पोथीत लिहिलंय?

फक्त सकाळी लवकर या. अकरानंतर उरतात ती कोमेजलेली कवंडळं आणि घासाघीस करणारी गिऱ्हाइकं.

भिरंड | ५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण पहिल्यापेक्षा तोच मोठा दिसतोय.

आमचंही कुळागर आहे. पोफळी, माड, पोफळीवर चढवलेली मिरवेल, मधे केळी, कडेला जायफळ आणि भिरंडीची, म्हणजे कोकमाची, चार झाडं. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते. सगळ्यांनी आईला सांगितलं, विकून टाक किंवा कुणाला तरी कसायला दे. आई बाहेरून शहरातून आलेली, तिला सुपारी आणि मिरी दोन्ही फक्त डब्यातली माहीत. तिनं कुणाचंच ऐकलं नाही.

पाटाचं पाणी आमच्याकडे पाळीनं येतं. पाळी रात्री असली की आई कंदील घेऊन जायची. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायचं तर चिखल आणि केळीची सोपटं दाबून बांध घालायचा, तो वाफा भरला की पायानं फोडायचा. पहिल्या वर्षी रोज कुठेतरी फुटायचा. पाचव्या वर्षी ती अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची, "वरच्या खाचरात पाणी पोचलं नाही, जा बघ." आवाजावरून! मी जाऊन बघायचे आणि खरंच वर कुठेतरी खेकड्यानं बीळ पाडलेलं असायचं.

मी आज पणजीत ऑफिसात बसते. एसीच्या आवाजात बारीकसा फरक पडला तरी सगळ्यांत आधी मला कळतं. मेंटेनन्सवाला हसतो. मला आई आठवते.

अवांतर: मे महिन्यात भिरंडांच्या बिया फेकू नका. फोडून, कुटून, उकळून वर येणारं तेल गोळा करा. थंड झालं की मेणासारखं घट्ट होतं. ते भिरंडेल. पावसात टाचांच्या भेगांना याच्यासारखं दुसरं काही नाही.

वेंगुर्लेकर | ५ ऑगस्ट, सकाळी ९:०२

आमच्याकडे सिंधुदुर्गात तिला माटी किंवा माटवी म्हणतात. वस्तू जवळपास त्याच, पण शेरवडाशिवाय आमची माटी पुरी होत नाही. पांढरी पानं दिसतात ना हिरव्या झुडपावर, ती. लहानपणी मला वाटायचं ती फुलंच आहेत. फूल वेगळं, बारीक, केशरी.

आमच्या घरी हे काम चुलत्याकडे. त्याला लिहिता-वाचता फारसं येत नाही. कोणत्या दरडीला कुठली वेल आहे ते मात्र घरातल्या माणसांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ. वाढदिवस एकाचाही नाही.

डिचोलीकर | ५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

वाढदिवस पाठ नसणं ही पुरुषांची पारंपरिक विद्या आहे. ती बाजारात मिळत नाही.

पानवेल | ५ ऑगस्ट, दुपारी १:३४

वनस्पतीशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. ताई, आधी कांगलां. कोशातली मालकांगोणी तीच. मोठी, लाकडासारख्या खोडाची वेल, झाडावर चढून फांद्यांवरून लोंबते. चवथीच्या सुमाराला मटाराएवढ्या हिरवट-पिवळ्या फळांचे घोस मिळतील. पुढे पिकून फळ तीन फाकांत उघडतं आणि आतून शेंदरी बी दिसतं. एकदा पाहिलीत की विसरणार नाही.

कवंडळ लाल, चेंडूसारखं, वेलीवर लटकलेलं. दिसायला सुरेख, तोंडात घालू नये. वाघनखी म्हणजे कळलावी, पिवळी-तांबडी, ज्वाळेसारखी पाकळी. पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि त्यानं ती आधाराला धरते. ही पूर्ण विषारी, कंद तर फारच. घरात लहान मुलं असतील तर उंच बांधा आणि हात धुवा.

माटोळी ज्यानं बांधतात तो दोर केवणीचा. केवण म्हणजे मुरुडशेंग, लहानपणी बाळगुटीत उगाळून तुम्हाला चाटवलेली ती पिळदार शेंग. तिच्या सरळ काठीची साल पावसाळ्यात सुरेख सुटते. नायलॉनचा दोर बांधणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता थोडं कडू. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळी स्पर्धा घेतं. हेतू चांगला, लोकांना वनस्पती कळतात. पण वस्तूंची संख्या वाढवायच्या नादात घोस काढायला अख्खी वेल मुळाशी तोडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. लाकूड होऊन फळायला तिला किती वर्षं लागली असतील याचा विचार नाही. शिवाय म्हादई अभयारण्य १९९९ चं, २०८ चौरस किलोमीटरचं, सत्तरीतले कितीतरी गाव त्याच्या पोटात किंवा काठावर. अभयारण्यातून असं काही तोडून आणणं कायद्यात बसत नाही. त्यामुळे "रानातलं तेच खरं" म्हणताना जरा सबूर. घराच्या कुंपणावर, कुळागराच्या कडेला जे आहे ते बांधा. पाच वस्तू असोत. माटोळी म्हणजे हजेरीपट नव्हे.

मापशेंकार | ५ ऑगस्ट, दुपारी २:०५

सर, आम्ही नायलॉन बांधतो. बोलणं बंद झालं म्हणायचं का?

पानवेल | ५ ऑगस्ट, दुपारी २:११

.

वाड्यावरचा | ५ ऑगस्ट, रात्री ९:४८

सगळे प्रतिसाद वाचले. रागावून लिहीत नाही, पण लिहायला हवं.

माझी आई माटोळीचं सामान विकते. चवथीआधी चार-पाच दिवस. आम्ही सांगे तालुक्यातले. पहाटे तीनला उठून, आदल्या दिवशी जमवलेलं ओल्या गोणपाटात बांधून, टेंपोनं बाजारात. चार बायका मिळून टेंपोचं भाडं. जागा धरायला भांडण, पावसात प्लास्टिक डोक्यावर. संध्याकाळी उरलेलं सामान कचरा होतं, परत आणून उपयोग नाही.

इथे जो तो विचारतोय, "रानातलं की बाजारातलं". बाजारातलं म्हणजे कुठलं हो? फॅक्टरीत होतात का कांगलां? आईच्या पायाला जळू लागलेली असते तेव्हा ते रानातलंच असतं. तुमच्या हातात आल्यावर ते बाजारातलं कसं होतं ते मला कळलेलं नाही.

आणि पानवेल सर, आई वेल मुळाशी तोडत नाही. पुढच्या वर्षी तिलाच परत जायचं असतं. तोडणारे वेगळे, एकदाच येणारे.

मी स्वतः आयटीआय केलेला फिटर. मलाही निम्मी नावं येत नाहीत. आई म्हणते, शिकू नकोस, शिकलास तर तुलाच पाठवतील.

पानवेल | ५ ऑगस्ट, रात्री १०:२०

बरोबर बोललात. "एकदाच येणारे" हा फरक मी करायला हवा होता. माफ करा.

सावईची_लेक | ५ ऑगस्ट, रात्री ११:३०

वाड्यावरचा, तुमचा प्रतिसाद मी आईला मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटच्या ओळीवर ती हसली, मग गप्प झाली. बाबा खोलीतून ऐकत होते. काही बोलले नाहीत. नेहमीचं "ती भाजी" वाक्य येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

खारीवाडा | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

जरा कडवट बोलू? बावीस वर्षं दीड दिवसासाठी यायचं आणि बाप आजारी पडला की वेलींची नावं शिकायची, हे मला फार खरं वाटत नाही. हे अपराधीपण आहे, निसर्गप्रेम नाही. मी स्वतः यातून गेलोय म्हणून सांगतो. वडील गेल्यावर मी सहा महिने त्यांची बाग उकरत बसलो. मला बाग नको होती, मला त्यांनी एकदा "बरें केलें" म्हणायला हवं होतं. बाग मेली ती मेलीच.

भिरंड | ६ ऑगस्ट, सकाळी ९:१२

असेना अपराधीपण. केळीच्या लोंगराला कळत नाही कुणी कुठल्या भावनेनं पाणी घातलं.

सावईची_लेक | ६ ऑगस्ट, दुपारी १२:५०

खारीवाडा, राग आला आणि मग गेला. खरं आहे बहुतेक. पण एक सांगते. आमच्या घरात मी हिशेबाची माणूस म्हणून ओळखली जाते. लहानपणी सुपारी सोलायला बसले की मी सोललेल्या मोजायची, भाऊ पळून जायचा. बाबा म्हणायचे, "हिका रान कळना, हिका आंकडे कळटात." मीही ते मानलं. रानाचं खातं माझं नाहीच असं धरून चालले. आता रोज सकाळी पाटाच्या कडेनं वर झरीपर्यंत जाऊन येते. काल धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, पंखांचा आवाज आधी आला, जुन्या इंजिनासारखा. किती वेळ उभी होते माहीत नाही. आणि हो, मोजलं नाही.

कुर्डीचो | ७ ऑगस्ट, रात्री ८:१८

धागा वाचताना आज्जी आठवली, म्हणून पहिल्यांदाच लिहितो.

आमचं गाव सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली १९८० च्या दशकात गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या याच गावच्या. लोकांना वाडें आणि वालकिणीला वसवलं. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वर येतं, घरांचे चौथरे, तुळशीवृंदावनं, भेगाळलेली जमीन. आम्ही सगळे जातो, सोमेश्वराच्या देवळापाशी जमतो, डबे उघडतो, आपापल्या चौथऱ्यावर बसून जेवतो. शाळकरी पोरांना सांगतो, ही तुझ्या पणजीची चूल.

वडील सांगतात, नव्या जागी पहिल्या चवथीला आज्जी कोयता घेऊन निघाली आणि दुपारी रिकामी परत आली. डोंगर तिथेही होता, झाडं होती, पण कुठली वेल कुठे ते तिला माहीत नव्हतं. ती नुसती म्हणाली, "हें रान म्हाका वळखना." तीन वर्षं आमच्या माटोळीला नारळ, सुपारी, केळी आणि तोरिंगं एवढंच. चौथ्या वर्षी तिला कुड्याच्या शेंगा मिळाल्या. त्या वर्षी ती पहिल्यांदा नव्या घराला "घर" म्हणाली, असं आई सांगते.

मी मडगावात राहतो. नळाला येणारं पाणी साळावलीचंच. याबद्दल जास्त विचार करत नाही, केला तर आंघोळ होणार नाही.

वेंगुर्लेकर | ७ ऑगस्ट, रात्री ८:४५

"हें रान म्हाका वळखना." यावर काय लिहायचं.

डिचोलीकर | ७ ऑगस्ट, रात्री ८:५१

मी आज विनोद करणार नाही.

बांदोड्याचा_भाचा | ८ ऑगस्ट, सकाळी ११:०५

विषय थोडा वळवतो. सावईच्या ताई, भाऊ दुबईला, तुम्ही पुण्याला, कुळागराचं पुढे काय? आमच्याकडे मामांनी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचंच नाव ठेवलंय, आता अकरा वारस. आईला कुणी तरी सांगितलं, लग्न झालेल्या मुलीला वाटा नसतो.

नोटरीबाब | ८ ऑगस्ट, दुपारी ४:२२

ज्यानं सांगितलं त्याला गोव्याबाहेर सोडून या. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सारखे वारस, लग्न झालेलं असो वा नसो. वारस असताना मृत्युपत्रानं माणूस फार तर निम्म्याची वाट लावू शकतो, उरलेलं निम्मं कायद्यानं वारसांचंच. आता २०१२ चा गोवा वारसा कायदा आहे, तत्त्व तेच. मामांना म्हणावं इन्व्हेंटरी घाला, म्हणजे कोर्टातून वारसांत वाटणी करून घ्या. अकरांचे तेवीस व्हायच्या आत.

संपादक | ८ ऑगस्ट, दुपारी ४:४०

वारसाहक्कासाठी वेगळा धागा काढावा. इथे गणपतीपर्यंत पोचू द्या.

शिरोडकर_मावशी | ९ ऑगस्ट, सकाळी ६:३०

गणपतीपर्यंत पोचायचंच आहे तर ऐका. आमच्या मूळ घरी मातीची मूर्ती नाही. कागदावरचं चित्र पुजतात. आजी सांगायची, पाद्रींच्या काळात मूर्ती सापडली तर धडगत नसे, कागद घडी घालून लपवता यायचा. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, गोव्यात १५६० ला आलं, १८१२ ला गेलं. कागद मात्र आमच्याकडे अजून आहे. काही घरांत नुसती पत्री पुजतात.

म्हणजे बघा, मूर्तीशिवाय चवथ होऊ शकते, तर बाजारातल्या आंबाड्यानं कुणाचं काय बिघडणार? ताई, खतखत्यात (आपल्या मिश्र भाजीत) तेफळं (तिरफळं) विसरू नकोस म्हणजे झालं. त्याला मात्र पर्याय नाही.

मापशेंकार | ९ ऑगस्ट, सकाळी ९:००

खतखतें म्हटल्यावर भूक लागली. मावशी, तेफळं ठेचून की अख्खी?

शिरोडकर_मावशी | ९ ऑगस्ट, सकाळी ९:०४

ठेचून. बी काढून. विचारलंस हेच नवल.

सावईची_लेक | २४ ऑगस्ट, रात्री ९:५५

मधे पंधरा दिवस गायब होते, ऑफिसचं आणि पावसाचं काम. आज रविवार, बाबांना ओसरीवर बसवलं आणि केवणीच्या काठ्या आणल्या. या मात्र मीच शोधल्या, पानवेल सरांच्या कृपेनं. वाळकी पिळदार शेंग एका झुडपाला लटकलेली दिसली आणि ओळख पटली.

साल काढायला बसलो. बाबांचा डावा हात, माझे दोन. बुडाशी कोयत्यानं चीर द्यायची, नखानं साल उचकटायची आणि एका दमात ओढायची. मी ओढली की मधेच तुटायची. बाबा म्हणाले, "दांडी वोड, साल न्हय." डोक्यात शिरेना. मग त्यांनी साल डाव्या मुठीत आणि पायाच्या अंगठ्याखाली घट्ट धरली आणि मला काठी खेचायला सांगितली. सर्रकन काठी निघून आली, पांढरी, ओली, काकडीसारख्या वासाची. हातात उरली सबंध लांब पट्टी. आतली बाजू साबणासारखी बुळबुळीत.

अकरा पट्ट्या झाल्या. (मोजल्या. सवय.)

धीर करून सांगून टाकलं, कांगलां ओळखत नव्हते, खोटं बोलले होते. त्यांनी बराच वेळ काठीकडे बघितलं आणि म्हणाले, "फाल्यां वच. पाटाच्या वयल्यान, झरीच्या दाव्या कुशीक, व्हडल्या किंदळा मेरेन." म्हणजे उद्या जा, झरीच्या डावीकडे मोठ्या किंजळाच्या झाडापर्यंत. त्यापुढचं विचारलं तर म्हणाले, "फुडें कळटलें."

पानवेल | २४ ऑगस्ट, रात्री १०:०८

दांडी ओढ, साल नव्हे. मी तीस वर्षं वर्गात शिकवलं, हे वाक्य मला सुचलं नाही.

सावईची_लेक | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ६:४०

आता काय झालं ते सांगते. उशीर झाला, घर पाहुण्यांनी भरलं होतं.

सोमवारी पहाटे कोयता, पोतं आणि शेजारचा आठवीतला मुलगा घेऊन निघाले. झर, डावी बाजू, किंजळ, सगळं सापडलं. कांगलां कुठेच नाहीत. किंजळापुढे पायवाट आहे, ती खाली उतरते ती थेट पलीकडच्या वाड्यावर. पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हातारी बसलेली, समोर केवणीचा ढीग. माझ्याकडे बघून म्हणाली, "भाटकाराचें चेडूं मगे तूं? बाबाक बरें ना म्हूण आयकलें. तुमचो वांटो कुशीक दवरला."

भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, मुलगी ना तू, असं. आमचा वाटा! पडवीत गोणपाटात बांधून ठेवलेला. कांगलां, कवंडळं, कुड्याच्या शेंगा, वाघनखी वेगळ्या पानात गुंडाळून.

तिनं सगळं सांगितलं, अगदी सहज, मला माहीतच असणार असं धरून. बाबा पहिल्यांदा एकटे रानात गेले ते लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी. चुकले. संध्याकाळी हिच्या नवऱ्यानं त्यांना शोधून वाड्यावर आणलं, चहा दिला आणि स्वतःसाठी काढलेल्यातलं अर्धं सामान पोत्यात भरून दिलं. त्यानंतर दरवर्षी तेच. आधी नवरा द्यायचा, तो गेल्यावर ती. बाबा सकाळी यायचे, तिथेच गप्पा मारत बसायचे, नारळ आणि तांदूळ ठेवून पोतं उचलायचे. रानात एकदाही गेले नाहीत.

मग गुडघ्यापर्यंतचा चिखल?

घरी आल्यावर आईला विचारलं. ती पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "रानांत माती तांबडी. हांच्या पांयांक दर वर्सा पाटाची काळी." लग्नापासून त्यांची पँट तीच धुते. तिला पहिल्या वर्षीच कळलं होतं. घरात शिरायच्या आधी नवरा पाटात उतरून येतो हे ती इतकी वर्षं कुणाला बोलली नाही. मी म्हटलं, "आणि तू काहीच नाही म्हणालीस?" तर म्हणे, "आनी कितें सांगूं? तेंय पोतें तेणेंच व्हांवन हाडलें न्ही?" पोतं तर त्यानंच वाहून आणलं ना, असं.

बाबांना विचारायची गरज पडली नाही. मी पोतं ओसरीवर ओतलं तेव्हा ते माझ्या पायांकडे बघत होते. मी सरळ वाटेनं आले होते, पाय स्वच्छ. आम्ही दोघं हसलो. त्यांच्या डाव्या गालानं आणि थोडं उजव्यानंसुद्धा. खोटं बोलायच्या बाबतीत मी कुणावर गेले ते कळलं. इतकी वर्षं वाटायचं आकडेमोड आजोबांकडून आली आणि रान मला मिळालंच नाही. रान बाबांनाही मिळालेलं नव्हतं.

माटोळी मी बांधली, बाबा खुर्चीतून "वयर, सकयल" (वर, खाली) करत होते. एक गाठ सैल राहिली आणि आरतीच्या वेळी एक तोरिंग खाली आलं, भटजींच्या पायाशी. भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "कितीला पडली?"

भिरंड | ३१ ऑगस्ट, सायंकाळी ७:०२

त्या काळ्या मातीवर मी आज दिवसभर हसणार आहे आणि मधेमधे रडणार आहे. आईला नमस्कार सांगा.

खारीवाडा | ३१ ऑगस्ट, रात्री ८:१५

माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही. पण वडिलांच्या बागेतला अबोलीचा वाफा शेजारणीनं जगवला होता, हे मला आज आठवलं. आभार मानायचे राहून गेलेत. उद्या जातो.

डिचोलीकर | ३१ ऑगस्ट, रात्री ८:३०

म्हणजे थोडक्यात, दुसऱ्यानं जमवलेलं चालतं. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. सहा मिनिटांत.

वाड्यावरचा | ३१ ऑगस्ट, रात्री ९:४०

ताई, छान लिहिलंय. आईला वाचून दाखवलं, तिला ती म्हातारी आवडली. तिनं एक विचारायला सांगितलंय. त्या आजीबाईंना आता सामान कोण आणून देतं? त्या वयात त्या स्वतः तर रानात जात नसणार.

सावईची_लेक | ३१ ऑगस्ट, रात्री १०:२२

विचारलं नाही. वाटा उचलला आणि आले. उद्या त्यांचं गोणपाट परत द्यायला जायचंच आहे.